दोन खोल्या, एक शुक्रवार

कंपनीचं नव्या वर्षाचं सुट्ट्यांचं कॅलेंडर हातात पडलं की मी आधी गुरुवार बघतो. मी चाकणजवळच्या महाळुंग्यात राहतो, तिथल्याच एका कारखान्यात क्वालिटीला आहे आणि आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. घरातली कटिंग, मटण, बँकेची कामं, पाहुणे, सगळं गुरुवारी. यंदा सव्वीस जानेवारी शुक्रवारी आलेली दिसली आणि मी जेवणाच्या सुट्टीतच मिलिंदला मेसेज टाकला: "जोडून सुट्टी आहे. दोन्ही घरं मिळून कुठंतरी जाऊ."

मिलिंद माझा मित्र. खरं तर शेजारी. थेरगावात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या खोल्यांना लागून त्यांच्या खोल्या होत्या, मधे एकच भिंत आणि पुढे एकच गॅलरी. मी लातूरकडचा, तो चिपळूणचा, दोघंही एकाच कंपनीत ट्रेनी म्हणून लागलेलो. आमची गौरी आणि त्यांची ईशा तीन महिन्यांच्या अंतरानं त्या गॅलरीतच रांगल्या. कोण कुणाकडे जेवलं याचा हिशेब दोन्ही आयांनी कधीच सोडून दिला होता. मग मिलिंद सॉफ्टवेअरमध्ये गेला आणि त्यानं वाकडला फ्लॅट घेतला. शेजारचा फ्लॅट रिकामा होता, तो घे म्हणून माझ्या फार मागे लागला होता. तिसरी शिफ्ट करून रोज वाकडला परतायचं माझ्या जिवावर आलं आणि मी कंपनीजवळ महाळुंग्यात आलो. याला आठ वर्षं झाली. वाकड आणि महाळुंगे, अंतर म्हणाल तर तासाभराचं. पण त्याला सुट्टी शनिवार-रविवार आणि मला गुरुवार, म्हणजे भेट फक्त लग्नात, बारशात आणि दिवाळीत.

एवढ्यावरही मी काही म्हटलं नसतं. पण मिलिंदची बदली बेंगळुरूला झाली आहे, फेब्रुवारीच्या शेवटी ते निघणार. आणि दोन्ही मुली वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. ईशाच्या वाढदिवसाला गौरी वाकडच्या मॉलमध्ये गेली होती. तिथं ईशाच्या शाळेतल्या सगळ्या मुली इंग्रजीत बोलत होत्या आणि आमची पोरगी तीन तास नुसती हसून परत आली. नंतर तिनं ईशाचं नाव काढलं नाही. ईशानंही विचारलं नाही. ते लोक जायच्या आधी या दोघींनी एकदा पूर्वीसारखं बसावं, एवढंच मला या सहलीकडून हवं होतं.

लोणावळा मी पहिल्याच दिवशी बाद केला. जोडसुट्टीला तिथं डोंगर कमी आणि गाड्या जास्त दिसतात. मिलिंदची बायको अर्चना म्हणाली समुद्र, माझी बायको सुनंदा म्हणाली थंडीत समुद्र कशाला. शेवटी जुन्नरच्या पुढे नाणेघाटाच्या रस्त्याला, धरणाच्या पाण्यालगत एक घरगुती राहण्याची जागा ठरली. दोन खोल्या, शेजारी शेजारी. माणशी चौदाशे, त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता आणि मागाल तेवढा चहा.

आमच्या ग्रुपचं नाव 'थेरगाव, दुसरा मजला'. त्यावर तीन आठवडे चर्चा चालली. गोधड्या कुणी आणायच्या, लसणाची चटणी किती, पत्त्यांचे कॅट एक की दोन. मी जेव्हा तपासणीला पार्ट हातात घेतो तेव्हा अर्ध्या मिलिमीटरचा फरक सोडत नाही. आणि या सगळ्या चर्चेत जायचं कुठल्या दिवशी हे कुणीच लिहिलं नाही, ते मात्र माझ्या नजरेतून सुटलं. सोमवारी मिलिंदनं लिहिलं, "शुक्रवारी पहाटे साडेचारला निघतो राव, रविवारी संध्याकाळी परत." मी तो मेसेज दोनदा वाचला. मी दोन्ही खोल्या गुरुवार ते शुक्रवार घेतल्या होत्या. माझी जोडसुट्टी गुरुवार-शुक्रवार, त्याची शुक्रवार-शनिवार-रविवार. आपली सुट्टी तीच जगाची सुट्टी, असं दोघंही धरून चाललो होतो.

फोनाफोनी झाली. त्याला गुरुवारी काम होतं, सोडता येण्यासारखं नव्हतं. मी शनिवारची रजा मागायला गेलो, तर शनिवारी बाहेरची माणसं तपासणीला येणार होती आणि साहेब म्हणाले, "दत्ता, तूच नसशील तर त्यांच्यापुढे उभं कोण राहणार?" म्हणजे दोघांच्या मिळून चार सुट्ट्यांत सामाईक दिवस निघाला एक. शुक्रवार. गुरुवारची दुसरी खोली रद्द करावी असं सुनंदाचं म्हणणं होतं. मी केली नाही. ऐन वेळी मिलिंदचं काम आटपलं तर, असं मनात होतं.

गुरुवारी सकाळी नऊला आम्ही तिघं निघालो. चाकणच्या चौकात एरवी अर्धा तास जातो. पण बऱ्याच कारखान्यांना सुट्टी असल्यानं दहा मिनिटांत बाहेर पडलो, हा गुरुवारचा फायदा लक्षात ठेवा. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव असा सरळ रस्ता आहे. नारायणगावला मिसळ खाल्ली, तर्री वेगळी मागून घ्या, नाहीतर पुढचा रस्ता पाण्याच्या बाटलीवर काढावा लागेल. जुन्नर सोडलं की रस्ता अरुंद होतो, पण वाईट नाही. डावी-उजवीकडे डोंगर यायला लागतात. गौरी मागच्या सीटवर कानात मोबाइलची बोंडं घालून बसली होती.

जागा फोटोत होती त्याहून चांगली निघाली. समोर पाणी, पलीकडे किल्ला, अंगणात पातीसकट कांदे वाळत घातलेले. घर सांभाळणाऱ्या कमलताईंनी गाडीतून तिघंच उतरलेले पाहिले.

"बाकीची मंडळी मागनं येत्यात का?"

"ते उद्या सकाळी येतील," मी म्हटलं.

"मंग ती खोली आज मोकळीच ऱ्हानार? मी तर गाद्या घातल्या, पान्याचा तांब्याबी भरून ठिवला."

"राहू द्या तशीच."

"व्हय, ऱ्हाऊ द्या. माणसाची वाट बघून खोली मोडत न्हाई," त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला आत गेल्या.

संध्याकाळी आम्ही पाण्याकाठी जाऊन आलो. परतताना त्या दुसऱ्या खोलीचं दार उघडंच होतं. दोन पलंग, चार उशा, चौकोनी घडी घातलेल्या गोधड्या. थेरगावात मी संध्याकाळी भिंतीवर दोनदा वाजवलं की मिलिंद गॅलरीत यायचा आणि आम्ही कठड्याला टेकून काही न बोलता चहा प्यायचो. आमच्या खोलीत जाऊन मी त्या भिंतीला पाठ लावून बसलो. काही केल्या करमेना. सुनंदानं ओळखलं, ती म्हणाली, "उद्या येतायत ना. एक रात्र निघत नाही का तुमची?" गौरी पुस्तक वाचत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "ती पण येणारे?" मी हो म्हटलं. ती पुन्हा वाचायला लागली, पण बराच वेळ पान काही उलटलं नाही.

शुक्रवारी साडेसातला त्यांची गाडी आली. मिलिंदचं पोट सुटलंय, हे मी त्याला उतरताक्षणी सांगितलं. "आणि तुझे केस कुठं गेले भावा?" असं तो म्हणाला. अर्चना आणि सुनंदा अंगणातच बोलायला लागल्या, चहा गार झाला तरी थांबल्या नाहीत. मुलींनी एकमेकींना "हाय" म्हटलं आणि आपापल्या आईजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता दिवसभर हे असंच.

कमलताईंनी सांगितलं, वाडीच्या शाळेत झेंडावंदन आहे, पाव्हण्यांनीबी यावं. दोन वर्गांची शाळा, अंगणात रांगोळी, गडीमाणसं टोप्या घालून आलेली. आम्ही सहा जण मागे उभे राहिलो. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, एका लहानगीनं भाषण अर्ध्यात विसरून नमस्कार केला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बाई स्टीलच्या ताटात गोळ्या घेऊन फिरल्या, प्रत्येकाला दोन. गौरीच्या हातात दोन हिरव्या आल्या. ईशाच्या हातात दोन केशरी.

थेरगावात महापालिकेच्या शाळेतलं झेंडावंदन आटोपून या दोघी गॅलरीत बसायच्या. ईशाला संत्र्याची गोळी चालायची नाही आणि गौरीला हिरवी. हे मी विसरलो होतो. ईशा विसरली नव्हती. तिनं समोर बघत, मान न वळवता, तळहात बाजूला केला. गौरीनं त्यातल्या केशरी गोळ्या उचलल्या आणि स्वतःच्या हिरव्या तिथं ठेवल्या. मी सुनंदाकडे पाहिलं तर ती पदरानं डोळे टिपत होती. मला थंडीनं नाक वाहतंय असं दाखवावं लागलं.

तिथून नाणेघाट गाडीनं फार लांब नाही. शेवटच्या टप्प्यावर गाडी लावून थोडं चालायचं. टोपी आणि पाणी घ्या, सावली नाही. व्यापाऱ्यांकडून जकात घ्यायचा तो दगडी रांजण बघून मिलिंद म्हणाला, "म्हणजे टोलनाका तेव्हाही होता तर." कड्याच्या टोकाला वारा इतका होता की बोलायला ओरडावं लागत होतं. मुली पुढे गेल्या होत्या. ऐकू काही येत नव्हतं, पण गौरी हात हलवून काहीतरी सांगत होती आणि ईशा पोट धरून हसत होती. आम्ही चौघं मुद्दाम मागे रेंगाळलो.

"तेव्हा शेजारचा फ्लॅट घ्यायला हवा होतास तू," मिलिंद म्हणाला.

"घ्यायला हवा होता," मी म्हटलं. आठ वर्षं मी या वाक्याला शिफ्टचं कारण देत आलो होतो. त्या दिवशी दिलं नाही. तो फ्लॅट मी घ्यायला हवा होता.

दुपारी भाकरी, वांग्याची भाजी, चटणी. पत्त्यांचे तीन डाव. त्यात बायकांनी उघड लबाडी केली. घड्याळ माझ्या मनगटावरच होतं आणि मी ते बघायचं टाळत होतो. साडेपाचला निघणं भाग होतं, शनिवारी पहिली शिफ्ट, सकाळी पावणेसातला गेटवर. मी पिशव्या गाडीत ठेवायला लागलो तेव्हा कळलं की मिलिंदनं शुक्रवार-शनिवारच्याही दोन्ही खोल्या घेऊन ठेवल्या आहेत.

"एक कशाला जास्तीची?" मी विचारलं.

"म्हटलं, तुला ऐन वेळी रजा मिळाली तर."

मी डिकी बंद करून उघडली आणि पुन्हा बंद केली. तेवढ्यात गौरी आली. "बाबा, मी राहू का? रविवारी काका सोडतील. कपडे ईशाचे घालीन." वर्षभर मी ज्याची वाट बघत होतो ते समोर उभं होतं आणि मला मात्र पोरगी मागे ठेवून निघवेना. राहा म्हटलं.

परतीला मंचरच्या पुढे गाड्यांची रांग लागली. सुनंदानं एकदा सवयीनं मागे वळून गौरीला पाणी हवंय का विचारलं.

शनिवारी दहाच्या चहाला अर्चनानं फोटो पाठवला होता. आमच्या खोलीत दोन्ही पलंग एकमेकांना जोडलेले आणि एका गोधडीतून बाहेर आलेली दोन डोकी, गाढ झोपलेली. खाली लिहिलं होतं, "या दोघींचं रात्री चार वेळा आमच्या भिंतीवर वाजवून झालं. शेवटी मिलिंदनं उठून रागावल्याचं नाटक केलं." मी तो फोटो शेजारच्या मशीनवरच्या माणसाला दाखवला. त्याला त्यात काय एवढं ते कळलं नाही.

जाण्यासारखी जागा आहे, जरूर जा. फक्त दिवस ठरवताना तो शब्दांत लिहा आणि दोघांनी मान्य केल्यावर पैसे भरा.

ही सहल इथंच संपली असती. पण पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला बेल वाजली. मी बनियनवर, हातात मटणाची पिशवी, निघण्याच्या तयारीत. दारात मिलिंद. मला आधी वाटलं काहीतरी वाईट झालंय.

"तुझ्या सुट्टीला सुट्टी घेतली," तो म्हणाला. "फोनवर अर्ज केला, पाच मिनिटांत मंजूर झाला राव."

आम्ही खिडकीशी उभं राहून चहा प्यायलो. सुनंदा पोह्यांच्या बशा घेऊन आली आणि सहज म्हणाली, "आठ वर्षं हे कुणालाच कसं सुचलं नाही?" आम्ही दोघांनी एकदमच पोह्यांच्या बशांना हात घातला. त्याच्या जाण्याला आता चार गुरुवार उरले आहेत, आणि चार रविवार.

त्यातल्या पहिल्या रविवारचा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा वर करून कारणाचा रकाना वाचला.

"शेजाऱ्यांकडे जायचं आहे," ते मोठ्यानं म्हणाले. "अरे, शेजारी जायला कुणाला रजा लागते का?"

"मला लागते, साहेब," मी म्हटलं.