दरवाजा कोणी लावला

माझ्या मित्राच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला बरोबर मधोमध एक बारीक भोक पडलं होतं. शस्त्रक्रिया झाली आणि डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला गेला. बुडबुडा वर चढतो, म्हणून पेशंटने तोंड खाली करून राहायचं, म्हणजे तो डोळ्याच्या मागच्या बाजूला जाऊन भोकावर दाबून बसतो. असे सात दिवस काढायचे होते. दर तासाला पन्नास मिनिटं तोंड जमिनीकडे, दहा मिनिटं सुट्टी. जेवण, औषधाचे थेंब, बाथरूम, सगळं त्या दहा मिनिटांत.

मित्र सिडनीतल्या वेस्टमीडच्या एका लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड वाचतो. मायक्रोस्कोपखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, कुठल्या प्रकारच्या किती ते लिहायचं, काही वेगळं दिसलं तर डॉक्टरांकडे पाठवायचं. पंधरा वर्षं तो हेच करतो आहे. भोक बुजलं नाही तर त्याला मायक्रोस्कोपवरून उठून नमुन्यांची नोंद करण्याच्या टेबलावर बसावं लागणार होतं. हे त्याला, त्याच्या बायकोला आणि मला, तिघांनाही माहीत होतं आणि कोणीच ते बोलत नव्हतं.

त्याची बायको नर्स आहे. त्या आठवड्यातल्या तिच्या दुपारच्या शिफ्ट बदलून मिळाल्या नाहीत. मी पण हॉस्पिटलमध्येच असतो, पण कागदावर. रोज किती बेड भरले आणि किती रिकामे राहिले याचे तक्ते करतो. मी आठवड्याची लीव्ह टाकली. कॅसल हिलहून रोज दीडला वेंटवर्थव्हिलच्या त्याच्या फ्लॅटवर पोचायचो, रात्री ती आली की निघायचो. माझ्या मुलीच्या युनिव्हर्सिटीला सुट्टी होती, तीही यायची. विद्यार्थी असताना मी आणि तो याच उपनगरात एका खोलीत राहिलो होतो, त्यामुळे उपकार वगैरे भाषा आमच्यात नव्हती.

वेळ घालवायला एक मालिका होती. दोन्ही घरांत ती बघणं चालू होतं. सोळा भाग, शस्त्रक्रियेच्या आधी त्याचे नऊ बघून झाले होते, सात उरले होते. भाग अठ्ठेचाळीस मिनिटांचा, म्हणजे पन्नासात बसत होता. टॅब जमिनीवर ठेवून एका डोळ्याने बघायचा प्रयोग त्याने पहिल्या सकाळी केला होता, पण मान खाली असल्यामुळे चांगल्या डोळ्यालाही पाणी येऊ लागलं, म्हणून सोडून दिला. मालिका हिंदीत होती. बोललेलं त्याला ऐकू येणार होतं, न बोललेलं मी सांगायचं ठरलं. त्याची बायको म्हणाली, “दादा, फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, मी ट्रेनमध्ये ऐकेन. नाहीतर तुम्ही सगळे पुढे जाल आणि मी तिथेच.”

मसाजवाल्यांकडे असते तशी, तोंडासाठी मोकळी जागा ठेवलेली खुर्ची त्यांनी भाड्याने आणली होती. तो त्यात ओणवा बसायचा. त्याचं बोलणं फरशीवर आपटून आमच्याकडे यायचं.

गोष्ट थोडक्यात सांगतो. राणीने नदीच्या देवीला वचन दिलेलं असतं, की तहानलेलं माणूस दाराशी असताना राजवाड्याचा दरवाजा कधी लावणार नाही. त्या बदल्यात नदी बारमाही वाहील असा वर मिळतो. बाराव्या भागात शत्रू चालून येतो. त्याच्या पुढे जीव घेऊन पळणारे गावकरी, आणि त्यांच्यात राणीचा धाकटा दीर. ते पोचायच्या आत दरवाजा लागतो. बाहेरचे बाहेर राहतात, मरतात. देवी शाप देते आणि नदी आटते.

तो प्रसंग तिसऱ्या दिवशी आला. त्यात चाळीस सेकंद कोणी बोलत नाही. मी सांगितलं, “राणी दरवाजाकडे बघते, किंचित हसते, द्वारपाल अडसर घालतो.”

खालून प्रश्न आला, “हसते?”

“हो.”

“दात दिसले?”

“नाही.”

“मग ओठांचं काय झालं ते सांग.”

मुलगी मध्येच म्हणाली, “दॅट वॉज नॉट अ स्माइल, बाबा.”

सुट्टीच्या दहा मिनिटांत तो मान चोळत वरणभात खात होता आणि माझी शिकवणी घेत होता. लॅबमध्ये ते कसं लिहितात ते त्याने सांगितलं. पेशी मोठी आहे, कडा खडबडीत आहेत, आतले दाणे निळे आहेत, हे आधी. हा अमुक आजार आहे, हे खाली, वेगळ्या ओळीत, आणि तेही तो लिहीत नाही, डॉक्टर लिहितात. “तू पहिल्याच ओळीत आजार लिहितोस,” तो म्हणाला.

मला ते लागलं. आकडा चुकू न देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. घरी जाऊन मी तीन दिवसांचं रेकॉर्डिंग ऐकायला बसलो, कागद-पेन घेऊन. राणी गप्प असताना मी तिचं वर्णन एकोणीस वेळा केलं होतं. त्यातल्या अकरा वेळा मी ‘गर्वाने’, ‘थंडपणे’, ‘तिरकस’ असे शब्द जोडले होते. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे राजाचं, वर्णन सोळा वेळा. शब्द जोडले ते फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा ‘बिचारा’. राणी मला पहिल्या भागापासून आवडली नव्हती. पण ते मला पडद्यावर दिसतं आहे असंच मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी हे आकडे मी त्याला जसेच्या तसे सांगितले. तो खुर्चीत हसायला लागला, तेव्हा मुलीने त्याला हलू नका म्हणून दटावलं. “एकोणीसात अकरा,” तो म्हणाला. “आमच्याकडे तुझा रिपोर्ट परत पाठवला असता.” मग त्याने ती चाळीस सेकंदं पुन्हा लावायला सांगितली. आम्ही ती चार वेळा लावली. या वेळी मी विशेषणं सोडून दिली. ओठ मिटलेले आहेत. डोळे दरवाजावर आहेत. मागे मशाल आहे. चौथ्या खेपेला जे दिसलं ते मला आधीच्या कुठल्याच खेपेला दिसलं नव्हतं.

“अडसरावर तीन हात आहेत,” मी म्हटलं. “दोन द्वारपालाचे. एक बांगड्यांचा.”

खालून त्याने विचारलं, “ती ढकलते आहे की धरून ठेवते आहे?”

“ते दिसत नाही.”

“बरं. तीन हात. एवढं पक्कं.”

त्यापुढचे दोन दिवस आम्ही या तिसऱ्या हातावर वाद घातला. मुलगी म्हणायची, राणीने नोकराच्या हातून पाप करवून घेतलं नाही, स्वतः हात लावला, म्हणून ती मोठी. “शी ओन्ड इट, काका.” मी म्हणायचो, हात कुठल्याही कारणाने असो, वचन ते वचन; देवीसमोर दिलेल्या शब्दाला पळवाट नसते. तो दोघांचंही पूर्ण ऐकून घ्यायचा. ही त्याची सवय मला खोलीत राहत होतो तेव्हापासून माहीत आहे. समोरच्याचं म्हणणं आधी तो इतकं नीट मांडून दाखवतो की आपल्यालाच वाटतं, अरे, हे मी असं का नाही मांडलं. मग हळूच त्यातला एक दगड काढतो.

“चौथ्या भागात उत्तरेच्या राजाने वरच्या अंगाला बांध घातला होता,” तो म्हणाला. “मी स्वतः बघितलाय. तेव्हा दोन्ही डोळे होते. नदी बांधाने आटली. शापाने नाही.”

मी म्हटलं, पुराणाच्या रीतीने बघ, शाप हेच कारण, बांध हे निमित्त. तो नागपूरच्या बौद्ध घरातला. त्याने सांगितलं, त्यांच्या घरी वर-शापाच्या गोष्टी चालत नसत. त्याचे वडील म्हणायचे, कोणी केलं ते बघा. पण एवढं बोलून तो थांबला नाही, आणि माझ्या बाजूची थट्टाही केली नाही. गोष्टीच्या आत देवी खरी आहे हे त्याने मान्य केलं. मग म्हणाला, “तर मग देवीलाच विचार. जे पाळलं तर आतली माणसं मरतील, असलं वचन तिने घेतलंच कशाला?”

घरी जाताना विंडसर रोडच्या सिग्नलवर मी तेच घोळवत होतो. दुसऱ्या दिवशी गेल्या गेल्या सांगितलं, की देवी म्हणजे नदीच आहे, आणि नदीला आत काय नि बाहेर काय, दोन्ही एकच. तिला भिंत कळत नाही. वचन मागताना तिच्या डोक्यात भिंत नव्हतीच.

तो म्हणाला, “हे चांगलं आहे. हे माझ्याकडे नव्हतं.” वादात असं म्हणणारी माणसं मी मोजायला बसलो तर एका हाताची बोटं उरतील.

त्याची बायको रात्री दारातूनच विचारायची, “मी तिकडे वॉर्डात आठ तास उभी, आणि इथे राणीची केस चालूच?” मग बूटही न काढता आधी त्याच्या डोळ्यात थेंब घालायची.

सहाव्या दिवशी त्याची मान फार दुखत होती. बँडेज कधीच निघालं होतं, पण डोळ्यात गॅस असताना उजेड आणि हाताची हालचाल यापलीकडे काही दिसत नाही. ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. भाग लावून वीस मिनिटं झाली असतील. तो म्हणाला, बंद कर. मी बंद केला. मुलगी चहा टाकायला आत गेली.

फरशीकडून आवाज आला, “बुजलं नाही तर मी काय मोजू रे?”

मी रोज आकड्यांत असतो. माझ्या तोंडात आकडाच येणार होता. असल्या शस्त्रक्रिया किती जणांच्या यशस्वी होतात ते मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. त्याला ते कळलं असावं.

“टक्के सांगू नकोस,” तो म्हणाला. “ते शंभर जणांचे असतात. डोळा एक आहे.”

मी नाही सांगितले. मी त्याच्या खुर्चीजवळ खाली बसलो. तिथून मला पहिल्यांदा तो सहा दिवस काय बघत होता ते दिसलं: फिकट टाइल्स, त्यांच्यामधली सांध्याची रेघ आणि मुलीने ठेवलेला पाण्याचा ग्लास, वाकडी स्ट्रॉ घातलेला. पाचेक मिनिटांनी तो म्हणाला, “लाव पुढे. ती काय करते ते सांग.” मी तिथेच, जमिनीवर बसून, टॅबवर बघत उरलेला भाग सांगितला. राणी चालत होती. कोरड्या पात्रातून, पायात काही नव्हतं. ‘बिचारी’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता, तो मी गिळला.

सातव्या दिवशी मालिका संपली. राणी बांधापर्यंत पोचते आणि पहिला दगड काढते, तिथे. तिसऱ्या हाताचा खुलासा त्यांनी केला नाही. मुलगी चिडली. मित्र म्हणाला, बरं झालं.

पुढचे काही आठवडे बुडबुडा हळूहळू विरत गेला. गॅस कमी होतो तशी नजर वरून खाली मोकळी होत येते. मधे एक आडवी रेघ असते, ती डोकं हलवलं की हलते. एका शनिवारी त्याचा फोन आला. मालिका पुन्हा पहिल्यापासून लावली होती आणि डावा डोळा झाकून बघत होता. “आज मुकुट दिसतात,” म्हणाला. “तोंडं नाहीत. सगळे राजे सारखेच आहेत.” पुढच्या शनिवारी कपाळं आली, मग डोळे. हनुवट्यांना बराच उशीर लागला. मागून त्याची बायको ओरडत होती, की असं एका डोळ्याने बघत बसायला कोणी सांगितलंय.

तपासणीत भोक बुजलेलं निघालं. पण बुजणं वेगळं आणि पेशी ओळखता येणं वेगळं, हे तो जाणून होता. कामावर परत घेण्याआधी लॅबने त्याला वीस जुन्या स्लाइड वाचायला दिल्या. त्यांचे रिपोर्ट त्याच्यापासून झाकलेले होते. सकाळभर मी माझ्या टेबलावर बसून होतो आणि बेडचा तक्ता दोनदा चुकवला. एकला त्याचा फोन आला. एकोणीस जुळल्या होत्या. विसावीत त्याचा आकडा जुन्यापेक्षा तीनाने वेगळा आला होता. पुन्हा मोजला तरी तेवढाच आला, म्हणून त्याने तोच ठेवला. लॅबमधल्या वरिष्ठ बाईंनी सांगितलं, शंभरात तीनाचा फरक दोन चांगल्या डोळ्यांतही पडतो.

“मग पास?” मी विचारलं.

त्याने सांगितलं, फॉर्मच्या शेवटी मोकळी जागा होती. तिथे त्याने लिहिलं, की नुसत्या उजव्या डोळ्याने बघितलं तर सरळ रेघ अजून एका जागी किंचित वाकते, दोन्ही उघडे असले की सरळ दिसते. बाईंनी विचारलं, हे कोणी विचारलेलं नाही, लिहायलाच हवं का? तो म्हणाला, हवं.

बाईंनी त्याखाली सही केली. पहिले तीन महिने त्याची प्रत्येक दहावी स्लाइड दुसऱ्या कोणीतरी बघायची असं ठरलं, आणि सोमवारी सकाळी साडेसातला तो मायक्रोस्कोपवर बसला.