पत्ता कुणाला विचारायचा

आमच्या लखनौतल्या अलीगंजच्या घरात इंटरनेटच्या राउटरवर ह्यांच्या अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘सेटिंगला हात लावू नये.’ कोण लावणार होतं? मुलगी बंगळुरूला, घरात आम्ही दोघंच, आणि मी संस्कृत शिकवून निवृत्त झालेली. हे जाऊन आता आठ महिने झाले. मी राउटरवरची धूळ पुसते, पण चिठ्ठीपुरती जागा सोडून.

म्हणून ब्रॉडबँडवाल्यांनी जुना राउटर बदलायचा म्हटल्यावर मला घोर लागला. नवा आला तर ह्यांनी करून ठेवलेलं जाणार का, एवढंच मला कळायला हवं होतं.

काय करून ठेवलं होतं ते ह्यांनी मला एकदा अमीनाबादच्या गर्दीत समजावलं होतं. आम्ही चादरींचं एक दुकान शोधत होतो. लखनौचा माणूस ‘माहीत नाही’ म्हणत नाही. ते त्याला उद्धटपणाचं वाटतं. तो अदबीने हात लांब करतो आणि ‘बस, सामने ही है’ म्हणतो. तिघांनी आम्हाला तीन दिशांना अदबीने पाठवल्यावर हे एका पायरीवर टेकले.

“इंटरनेटचं असंच असतं,” हे म्हणाले. “कुठलंही पान उघडायचं तर आधी त्याचा पत्ता कुणाला तरी विचारावा लागतो. तो सांगणारा म्हणजे डीएनएस. कंपनी आपला एक देते, पण तो मधूनच झोपतो. मग राउटरचे दिवे सगळे हिरवे आणि पान एकही उघडत नाही. म्हणून मी दुसरा लावलाय, बाहेरचा. शहाणा आहे.”

“मग त्यालाच विचारा ना, चादरींचं दुकान कुठे आहे,” मी म्हटलं.

हे औषधांच्या संशोधनात आयुष्य घालवलेले गृहस्थ. त्यांच्या प्रयोगशाळेत विनोदाला कुणी हसत नसे, म्हणून हेही हसले नाहीत.

राउटर बदलायला आलेले भैया पन्नाशीचे, मिशा पिकलेले. मला ‘माताजी’ म्हणाले, ते मी सोडून दिलं. मुलगी चार दिवसांसाठी आली होती म्हणून त्यांना तिच्या हवाली केलं. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदी. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, आणि दोघींनाही आपण एकच भाषा बोलतोय असं वाटतं.

भैयांनी जुन्या राउटरमधलं सगळं पाहिलं आणि मान डोलावली. “डॉक्टर साहब ने अपना डीएनएस लगा रखा था. नए में आटोमेटिक कर दूँ? सब खुलेगा.”

“सब खुलेगा?” मी विचारलं. “अभी क्या बंद है?”

भैया मुलीकडे पाहू लागले. मुलगी ह्यांच्या लॅपटॉपकडे.

तो शहाणा पत्ते सांगणारा नुसते पत्ते सांगत नव्हता. त्याच्याकडे खातं उघडता येत होतं आणि ‘ह्या ह्या ठिकाणांचे पत्ते ह्या घरात सांगू नकोस’ अशी यादी देऊन ठेवता येत होती. लॅपटॉपवर ते खातं उघडंच राहिलं होतं. यादीत सगळ्यात वर घरपोच मिठाईचं एक दुकान होतं. ते ह्यांनी स्वतःसाठीच बंद केलेलं. साखर वाढली होती तेव्हाचं असणार. मला अभिमान वाटला. दुसऱ्या ओळीवर जुन्या पुस्तकांचं दुकान होतं.

“हे काय?” मी म्हटलं. “हे तर बंद पडलं होतं!”

“बंद नहीं पड़ा था, आई,” मुलगी हसू दाबत म्हणाली. “बाबा ने बंद किया था.”

दोन वर्षं मी त्या दुकानाचा दुखवटा पाळला होता. चांगली दुकानं टिकत नाहीत, लोक वाचत नाहीत, असं मी जेवताना म्हणायची आणि हे गंभीर चेहऱ्याने मान हलवत वरण वाढून घ्यायचे. दिवाणखान्यात आणखी एक कपाट मावणार नाही असं एकदा सांगून पाहिलं होतं त्यांनी. मी ऐकलं नव्हतं.

त्याखाली अकरा नावं होती. मुलगी हसायची थांबली. सगळी पानं आजारांची माहिती देणारी.

ह्यांच्या यकृताचा अहवाल आला त्या आठवड्यात मी रोज दुपारी फोन घेऊन बसायची. आजाराचं नाव टाकायची, पुढे ‘किती दिवस’ असं टाकायची. उत्तरांची यादी समोर यायची, पण ज्यावर बोट ठेवावं ते पान ‘सापडत नाही’ असं फोन म्हणायचा. मी फोन ह्यांच्यापुढे धरला होता. ह्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

“अगं, लखनौचं इंटरनेट आहे,” हे म्हणाले. “वाईट बातमी तोंडावर सांगणं त्याला जमत नसेल.”

वाय-फाय बंद केलं की फोन आपल्या वेगळ्या वाटेने जातो आणि सगळं दाखवतो, हे मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक नाही हे ह्यांना ठाऊक होतं. पण इतक्या हुशार माणसाने एक गोष्ट विसरावी? मी इंटरनेटच्या आधीची आहे. मी रिक्षा केली, वापरलेली पाठ्यपुस्तकं विकणाऱ्याकडे गेले आणि वैद्यकाचा एक जाडजूड ग्रंथ घेऊन आले. त्याला तपकिरी कागदाचं कव्हर घातलं आणि संस्कृत कोशांच्या रांगेत ठेवून दिला. हे झोपले की काढायची. मला हवं होतं ते उत्तर त्यात होतं. वाचलं, आणि पुन्हा कोशांमध्ये ठेवलं. ह्यांना काही कळू दिलं नाही. निदान मला तसं वाटत होतं.

मग एकदा सकाळच्या चहाला, पेपरातून मान वर न करता हे म्हणाले, “तो तपकिरी कव्हराचा कोश आहे ना तुझा, त्याची आवृत्ती जुनी आहे हं. त्यानंतर औषधं सुधारलीत.”

मी म्हटलं, “बिस्किट देऊ का?”

“दे,” हे म्हणाले.

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. सुधारलेली औषधं घेऊन हे त्या पुस्तकातल्या मुदतीपेक्षा पाच महिने जास्त जगले. एवढे पाच महिने आपण जिंकलो, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत होता.

मुलीने डोळे पुसले. भैया केव्हाचे राउटरच्या वायरकडे लक्ष देऊन पाहत होते, जणू ती पहिल्यांदाच दिसत होती.

“डिलीट कर दूँ, आई?” मुलगी म्हणाली. “अब तो किससे छुपाना.”

तिचं बरोबर होतं. आता त्या अकरा पानांवर माझ्यासाठी नवं काही नव्हतं. नव्हतं म्हणजे, एक होतं. आणखी काही करता आलं असतं का, हे आठ महिने मी कुणाला विचारलेलं नाही. सगळं खुलं झालं तर कुठल्यातरी दुपारी मी फोन घेऊन बसणार, आणि बसले की उठणार नाही. ह्यांना मी माहीत होते.

“राहू दे,” मी म्हटलं. भैयांना म्हटलं, “डॉक्टर साहब वाला ही लगाइए.”

“जैसा हुक्म, माताजी,” म्हणत भैयांनी जुन्या राउटरवरचे आकडे नव्यात भरले. मग माझ्याकडे न पाहताच चिठ्ठी नखाने हलकेच सोडवली आणि नव्या राउटरवर चिकटवली. थोडी तिरकी बसली. मी ती सरळ केलेली नाही.

“पुस्तकांचं दुकान तेवढं उघड,” मी मुलीला सांगितलं.

“बाबा नाराज होंगे.”

“होऊ देत. दोन वर्षं मला फसवलंय.”

दुकान उघडलं. चांगलं चाललेलं होतं, माझ्या दुखवट्याचा त्याच्यावर काही परिणाम झाला नव्हता. मी त्या वैद्यकाच्या ग्रंथाचं नाव टाकायला लावलं. औषधं सुधारल्याचं ह्यांचं म्हणणं खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून होतं, ते नव्या आवृत्तीत पाहायचं होतं. वाचायचं की नाही ते नंतर ठरवलं असतं. कपाटात असलेलं बरं.

एकच प्रत होती. जुन्याच आवृत्तीची.

“इसमें बाबा का हाथ नहीं है,” मुलगी शपथ घेऊन म्हणाली. मला अजून खात्री वाटत नाही.