रिपोर्ट त्याचा होता

मी तपासणीच्या टेबलावर पडले होते. डॉक्टरांनी हातमोजे काढले, पडदा अर्धा सारला आणि बाहेर बसलेल्या माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "हिच्यात आता वेळ घालवू नका. दुसरीकडे बघा."

मला नाही सांगितलं. त्यांना सांगितलं. पडदा तसाच उघडा. सासरे बाकावर बसलेले मला दिसत होते. म्हणजे मीही त्यांना दिसत होते. मी साडी खाली ओढली.

दवाखाना सासऱ्यांच्याच बिल्डिंगमध्ये. आमच्या जूचंद्र गावात शेतांवर इमारती उठायला लागल्यापासून त्यांचा शब्द कोणी मोडत नसे. डॉक्टरही नाही.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोनदा गर्भपिशवी साफ केली. नळ्यांत औषध सोडून फोटो काढले. पोटाला भोक पाडून दुर्बीण घातली. दर वेळी कागदावर तेच, सगळं ठीक. तरी दोष माझा.

सिस्टर आत आली. सांडोर गावची वयस्कर बाई. मला निऱ्या नीट करायला मदत करता करता हळू आवाजात बोलली, "पोरी, तुझ्या नवऱ्याची तपासणी दोन वर्षांपूर्वीच झालीय. त्याच्या वीर्यात शुक्रजंतू नाहीत. एकही नाही."

"मग मला सुया कशाला?"

तिनं पडदा पूर्ण ओढून घेतला. म्हणाली, "खरं तर पहिली तपासणी पुरुषाची करतात. सोपी असते. यावर उपाय आहेत. मुंबईत सुईनं थेट अंडकोषातून जंतू काढून बघतात, मिळाले तर बाहेर गर्भ तयार करतात. नाही मिळाले तर दुसऱ्याचं बीज घेता येतं. मूल दत्तक घेता येतं. पण नवरा-बायको दोघांनी आधी खरं मान्य करायला लागतं."

रिपोर्ट नवऱ्याच्या कपाटात, जमिनीच्या कागदांखाली सापडला. तो ओट्यावर चहा पीत होता. मी त्याच्यापुढे धरला. त्यानं खोटं आहे असं म्हटलं नाही.

"बाबांना म्हाईत हाय," तो म्हणाला.

"मग दुसरी कशाला आनताव?"

"लोकांची तोंडं गप व्हतील. आजून चार-पाच वर्षं निघतील."

चार-पाच वर्षं. तोवर ती पोरगी त्या टेबलावर. मग तिच्यातही वेळ घालवू नका. मी मुंबईचं सांगितलं. आपण दोघं जाऊ म्हटलं. तो म्हणाला, "मना कोनी बगितला तर?" आणि कप ठेवून निघून गेला.

पुढच्या रविवारी स्थळ आलं. अर्नाळ्याच्या बाजूची मुलगी, बाप नव्हता, मामा बरोबर. सासऱ्यांनी स्टँप पेपर माझ्यापुढे सरकवला. मला मूल होत नाही, नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाला माझी हरकत नाही, असं लिहिलेलं. असा कागद कायद्यात चालत नाही, हे मला मागाहून कळलं.

सासू कानाशी येऊन म्हणाली, "सई कर. मागल्या दारी खोल हीर हाय, ध्यान ठेव."

मी उठले. कमरेला खोचलेला रिपोर्ट त्या मुलीच्या हातात दिला. "तुला इंग्रजी येतं ना? वाच."

तिनं वाचलं. परत वाचलं. नाव माझ्या नवऱ्याचं आहे ना, ते बघितलं. सासरे उभे राहिले. मग ती मुलगी म्हणाली, "मामा, उठा."

ते गेल्यावर मला मारलं. सासऱ्यांनी नाही, नवऱ्यानं. मी नेसत्या साडीनिशी माहेरी आले. रिपोर्ट तिच्याकडून परत घेतला होता, तो आणि माझ्या तपासण्यांचे कागद, एवढंच बरोबर होतं. माझा बाप म्हणाला, "थोडा सोसाया पायजे होता." आठ दिवसांनी मी विरारला एका डॉक्टरणीकडे गेले. तिनं जुने सगळे कागद पाहिले. म्हणाली, "तुमच्यात दोष नाहीच." मी तिथेच बसून राहिले. रडू आलं नाही. सहा वर्षं मी स्वतःच्याच पोटाला शिव्या दिल्या होत्या.

सासऱ्यांचा निरोप आला. गप राह्यलीस तर बरं, रस्ता सामसूम असतो. मी त्या रिपोर्टच्या दहा झेरॉक्स काढल्या.

वर्षभरानं कळलं, त्या घरात पुन्हा मुलगी बघताहेत. मी तिचा पत्ता काढला, तिच्या घरी गेले, आईसमोर कागद ठेवला. लग्न मोडलं. ते आणखी मुली बघतील. मी प्रत्येकीच्या दारात जाईन.