तुस्कानोंचा शेरा

शनिवार, १७ ऑक्टोबर १९९८. रक्कम नऊ हजार चारशे दिरहम, म्हणजे तेव्हाच्या भावाने लाखाच्या वर रुपये. हजर चौघे : आमच्या कंपनीचे मालक, ज्यांना आम्ही अरबाब म्हणायचो, मॅनेजर साळवी, खरेदी पाहणारे आग्नेलो तुस्कानो, आणि हिशेब पाहणारा मी. जागा रास अल खोरमधलं आमचं ऑफिस. एरवी तिथे सिमेंट आणि नळांचे विषय निघत. त्या दिवशी बंदुकीचा निघाला.

अरबाब एकसष्ट वर्षांचे. नोव्हेंबरात चुलतभावांबरोबर मध्य आशियातल्या डोंगरात रानबोकडाच्या शिकारीला निघाले होते. चढायचं म्हणून हलकी बंदूक हवी होती, तीन किलोच्या आतली. ती त्यांनी पसंत केली होती, पण दोन वेगवेगळ्या काडतुसांसाठी ती दोन प्रकारांत मिळे : लहान ते दोनशेसत्तर, मोठं ते तीनशे मॅग्नम. किंमत एकच.

“कौनसा लेना?” अरबाबनी विचारलं.

“मॅग्नम, सर! शेर के हाथ में बड़ा गोली,” साळवी म्हणाले. त्यांनी काडतूस फक्त सिनेमात पाहिलं होतं.

तुस्कानो म्हणाले, “सर, कम्पॅरिझन बनाके देता हूँ.”

तुस्कानो वसईचे. कंपनीत सतरा वर्षं. या माणसाने तोंडाने कशाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. “तोंडाचं वाऱ्यावर, कागदाचं फाइलीत,” असं ते म्हणत. कोणतीही वस्तू घ्यायची तर तक्ता आखायचे : माल, किंमत, मुदत, आणि शेवटी शेरा. मुलीच्या वाढदिवसाचा केकसुद्धा तीन बेकऱ्यांचे भाव मागवून ठरला. मी घर बदलत होतो तेव्हा त्यांना सोबत नेलं. तीन फ्लॅट पाहून त्यांनी मला तक्ता दिला. सगळ्यात स्वस्त फ्लॅटपुढे शेरा होता : ‘वरच्या मजल्यावर तबला.’ मी तो घेतला नाही, आणि पुढे ज्याने घेतला तो तीन महिन्यांत निघाला.

बंदुकीसाठी त्यांनी दुकानातून कॅटलॉग आणले. दोन्ही काडतुसं गोदामातल्या स्क्रूंच्या वजनकाट्यावर तोलली. वीस काडतुसांची पेटी लहान प्रकारात पंचाहत्तर, मोठ्या प्रकारात एकशेदहा दिरहम, तेही मांडलं. “पण सँपल न तपासता खरेदी नाही,” म्हणत पुढच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुकानाच्या माणसाबरोबर उम्म अल कुवैनजवळच्या नेमबाजीच्या मैदानावर गेले आणि दोन्ही प्रकारांतून तीन-तीन बार काढून आले. आयुष्यात याआधी त्यांनी नारळाखेरीज काही फोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ते चहाचा कप डाव्या हाताने उचलत होते. पॅन्ट्रीत शर्ट बाजूला करून दाखवला, तर उजवा खांदा वांग्याच्या रंगाचा.

“बंदूक जितकी हलकी तितका धक्का जास्त, नाईक. दोनशेसत्तरने ढकललं. मॅग्नमने लाथ मारली.”

“आणि बोकड?”

“बोकडाला दोन्ही पुरतात. बोकडाला कॅटलॉग वाचता येत नाही.”

तक्त्यात मॅग्नमपुढे इंग्रजीत शेरा होता. त्याचा अर्थ असा : ‘मी स्वतः तपासले, वय अठ्ठावन्न. पन्नाशीपुढच्या खांद्याला शिफारस नाही.’

साळवींनी तो वाचला आणि दार लावून घेतलं. “अहो, अरबाब एकसष्टचे आहेत! तुम्ही त्यांना म्हातारा म्हणताय, तेही टाइप करून?”

“वय मी माझं लिहिलंय.”

“तुमचा व्हिसा डिसेंबरात संपतोय. रिन्यूअलचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे. तुमच्या शेरनची बारावीची परीक्षा मार्चमध्ये. डोकं ठिकाणावर आहे का? खोडा ती ओळ.”

“खांदा त्यांचा आहे, साळवी. सही माझी आहे.”

तक्त्यावर माझीही सही लागे. मी ‘फक्त किंमत तपासली’ असं लिहून सही केली. तुस्कानोंनी ते वाचलं. “किमतीला काय, सगळेच सही करतात,” एवढंच म्हणाले. मी पेनाचं टोपण लावलं.

अरबाबनी तक्ता दोनदा वाचला.

“तुस्कानो, शर्ट निकालो.”

तुस्कानोंनी बटणं सोडली. “वल्ला!” म्हणत अरबाब स्वतःच्याच खांद्यावर हात फिरवू लागले. मग म्हणाले, “छोटावाला लो.”

“मैं भी वही बोल रहा था, सर,” साळवी म्हणाले.

अरबाबचं बोट शेऱ्यावरच होतं. “पचास के ऊपर नहीं अच्छा?”

“लिखा है, सर.”

“तो ऑफिस में अठ्ठावन कैसे अच्छा?”

साळवी हसले. अरबाब हसले नाहीत, तेव्हा साळवींनीही हसणं आवरलं.

तुस्कानो बटणं लावत होते. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कागदाशिवाय काही मागितलं : “सर, मार्च तक रखो. बेटी का परीक्षा है.”

अरबाबनी खिडकीबाहेर पाहिलं. “ठीक. मार्च. बाद में खलास.”

व्हिसावर तीन वर्षांचा शिक्का पडला. त्यातले चार महिनेसुद्धा वापरले गेले नाहीत. शेरनने परीक्षा इथेच दिली, चांगली दिली.

डोंगरातून अरबाब शिंगांची एक जोडी आणि शाबूत खांदा घेऊन आले. शिंगं ऑफिसच्या भिंतीवर लागली. साळवींनी त्यांच्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला आणि पुण्याला पाठवला.

दिलेल्या रकमा अशा. बंदुकीच्या दुकानाला नऊ हजार चारशे दिरहम. मार्चअखेर आग्नेलो तुस्कानो यांना सतरा वर्षांची ग्रॅच्युइटी, मूळ पगार चोवीसशे धरून, सदतीस हजार दोनशे दिरहम, आणि त्यांच्या घरच्या तिघांची मुंबईची तिकिटं, एका बाजूची. हिशेब मीच केला, बरोबर आहे. खांद्याचं त्यात काही धरलेलं नाही.