खिंड उघडली की लग्न

अख्ख्या सिंगापूर बेटावर बर्फाची काळजी करणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्याच नशिबी आला होता. क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या ब्लॉकमध्ये आम्ही दोघं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. मी पुण्याचा, तो नागपूरचा. दोघंही इंजिनिअर, दोघंही एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे तिथल्या नोकरीच्या परवान्यावर, दोघांनाही वरणाला फोडणी घालण्यापलीकडे स्वयंपाक येत नव्हता. बाहेर बारा महिने तेच घामट ऊन आणि दुपारी तोच पाऊस. त्या गावात हवामान हा बोलायचा विषयच नव्हे. आणि हा पठ्ठ्या, फेब्रुवारी सरला की रोज सकाळी खिडकीबाहेरच्या बांबूवर कपडे वाळत घालता घालता मला हिमालयाचं हवामान सांगायचा. डोक्यावर कुल्लूची लोकरी टोपी, खाली हाफ चड्डी, अंगावर घामाच्या धारा, आणि तोंडाने, "अबे, रोहतांगवर रात्रभर बर्फ पडून राह्यला. कंबरभर झाला म्हणतात." मी बिचारा दात घासत असायचो. तोंडात फेस असलेल्या माणसाने यावर काय बोलायचं?

आता नागपूरच्या माणसाचं रोहतांगशी नातं काय? तर याचा थोरला भाऊ. वडील लवकर गेले तेव्हा दादाने स्वतःचं शिक्षण अर्ध्यावर सोडून बँकेत नोकरी धरली आणि धाकट्याला इंजिनिअर केलं. बँकेने पुढे त्या दादाची बदली केली ती थेट केलांगला, म्हणजे रोहतांग खिंडीच्या पलीकडे. तेव्हा बोगदा झाला नव्हता. हिवाळ्यात खिंड बर्फाने बंद झाली की पलीकडची माणसं पलीकडे, अलीकडची अलीकडे. मार्चमध्ये बर्फ कापायला मशिनं लागायची, पण रस्ता कधी मोकळा होईल ते कुणीच छातीठोक सांगू शकत नसे. अधूनमधून हेलिकॉप्टर असायचं. त्यात दादाचा नंबर एकदा लागलाही होता, तर त्याने ती जागा एका अवघडलेल्या बाईला देऊन टाकली. हे ऐकून आमचा गडी दिवसभर चिडचिड करत होता आणि संध्याकाळी स्वतःच म्हणाला, "दादाच आहे तो. दुसरं काय करणार होता?"

आणि या सगळ्यात याचं लग्न ठरलं होतं! मुलगी नागपूरचीच, शाळेत गणित शिकवणारी. मुलगी पसंत, घर पसंत, सगळं पसंत. फक्त तारीख नाही. माझी आई एकदा फोनवर कौतुकाने त्याला विचारायला गेली, "मुहूर्त कधीचा धरलाय रे?" तर हा म्हणतो, "काकू, आम्हा बौद्धांत मुहूर्त नसतो. सगळे दिवस सारखेच चांगले. दादा खाली उतरेल तो दिवस लग्नाचा." आई म्हणाली, "बरं आहे हो तुमचं." पंचांगाच्या जाचातून सुटलेल्या या माणसाने स्वतःला बर्फाच्या दावणीला बांधून घेतलं होतं, त्याला कोण काय करणार! नागपूरचा हॉलवाला रोज फोनवर करवादायचा. ऑफिसात मॅनेजरने सुट्टीच्या तारखा विचारल्या तर याने शांतपणे "खिंड उघडली की" असं उत्तर दिलं. त्या चिनी मॅनेजरबाईंनी नकाशा मागवून खिंड कुठे आहे ते पाहिलं म्हणतात.

हळूहळू त्याने सगळ्यांनाच नादाला लावलं. आमच्या ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, कॉफी विकणारे एक चिनी अंकल होते. जन्मात बर्फ पाहिला तो फक्त कॉफीच्या ग्लासात. पण आम्ही दिसलो की आधी विचारायचे, "टुडे स्नो हाऊ?" हा मान हलवायचा. अंकल हळहळायचे, "अय्यो, कॅनॉट मॅरी लाह," आणि त्याच्या कॉफीत कन्डेन्स्ड मिल्क जरा जास्तच ओतायचे.

तिथेच एकदा त्याने मला हिमस्खलन शिकवलं. आइस कचांग मागवलं; म्हणजे आपल्याकडचा बर्फाचा गोळा समजा, फक्त वाडग्यात डोंगरासारखा रचलेला, वर रंगीत पाक. त्याच्या वाडग्यातला ढीग आधीच जरा थिजलेला होता. त्यावर याने माझ्या वाडग्यातला किस चमच्याने भुरभुरला आणि म्हणाला, "हा जुना बर्फ, हा काल पडलेला. आता ऊन पडलं." आणि वरून गरम कॉफीचे थेंब सोडले. वरचा थर सरकला आणि भसकन माझ्या शर्टावर. अंकल टाळ्या पिटायला लागले. "पाहिलं का बे? बर्फ पडताना माणूस घरातच बसतो. ताज्या बर्फावर ऊन पडलं ना, की लोक निघतात. तेच खरं भेव." मी शर्ट पुसत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो, त्यामुळे हे मी नीट ऐकलं नाही असं मला तेव्हा वाटलं होतं.

मग एप्रिलच्या सुरुवातीला एका सकाळी तो बांबूपाशी नुसताच उभा दिसला. हातात ओली चादर, पाणी पायावर ठिबकतंय. मी विचारलं, "काय रे, आज काय म्हणतोय रोहतांग?" "आभाळ साफ आहे. कडक ऊन," तो म्हणाला. "अरे मग पेढे दे!" मी म्हटलं, आणि त्याच्याकडे पाहून मला शर्टावर कोसळलेलं ते आइस कचांग आठवलं. तीन दिवस तिथे बर्फ पडून गेला होता, हे त्यानेच मला रोज सांगितलं होतं. आणि आता दादाचा फोन आला होता: बँकेतली आणखी दोघं पायी खिंड ओलांडायला निघाली आहेत, मी पण येतो, किती दिवस पोरीला ताटकळत ठेवायचं?

त्या माणसाला खोटं बोलता येत नसे हो. घरमालकिणीने "फ्लॅट आवडला का?" विचारल्यावर झुरळांची हकिगत सांगणारा माणूस तो. पण त्याने परत फोन लावला, आणि माझ्यासमोर, चादर तशीच काखेत धरून बोलला, "दादा, निघू नको. लग्न पुढे गेलं. तिच्या शाळेत परीक्षा आहेत, सुट्टी नाही मिळत. हो, मे अखेरपर्यंत. नाही, रागावली नाही ती. तू रस्ता उघडला की गाडीनं ये." त्याने फोन ठेवला. मला त्याची फार माया वाटली. मी त्याच्या काखेतली चादर काढून वाळत घातली. मग त्याने मुलीला फोन लावला आणि तिच्या नावावर काय खपवलंय ते कबूल केलं. ती काय म्हणाली ते त्यानेच मला सांगितलं: "म्हणे, बरं केलंत. आता मी मे अखेरपर्यंत परीक्षाच घेते."

दोन दिवसांनी त्या वाटेवर बर्फ सरकल्याची बातमी आली. दादा निघालाच नव्हता; त्याच्या बँकेतली ती दोघं अर्ध्यातून मागे फिरली होती, म्हणून वाचली. त्या सकाळी खाली अंकलनी विचारलं, "स्नो हाऊ?" तर आमच्या गड्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अंकलनी कॉफी ठेवली आणि पैसे घेतले नाहीत.

मे महिन्यात, भर उन्हात भाजून निघणाऱ्या नागपुरात लग्न झालं. मी गेलो होतो. पांढऱ्या साडीतली नवरी, पांढऱ्या कपड्यांतला नवरा, आणि शेजारी दादा. बर्फातल्या उन्हाने तोंड काळंठिक्कर, फक्त डोळ्यांभोवती गॉगलची दोन गोरी वर्तुळं. प्रत्येक फोटोत तीच आधी दिसतात. वंदना झाली, जेवणं झाली, आणि दादाने धाकट्याचा कान धरला. "काय बे, शाळेच्या परीक्षा मे अखेरपर्यंत? मी काय शाळेत गेलो नव्हतो?" हा खाली मान घालून उभा. "लहानपणी खोटं बोलताना तुझा आवाज असाच बारीक व्हायचा," दादा म्हणाला. "कळलं मला, तू भ्यालास. म्हणून थांबलो." मग दोघं भाऊ त्या गर्दीत एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, आणि मीही रडलो, उगाच का नाकारू?

पुढे तो नागपूरला परत गेला. मी सिंगापुरातच बिशानला फ्लॅट घेतला, बायको आली, पोरगी झाली. खिंडीखालून बोगदा झाला. आता हिवाळ्यातही गाड्या जातात म्हणे. पण माझ्या फोनमध्ये सिंगापूरच्या खाली अजून केलांगचं हवामान आहे. मार्च लागला की सकाळी आपोआप तिकडे बोट जातं. पोरगी म्हणते, "बाबा, वी डोंट इव्हन नो एनीवन देअर लाह." खरंच आहे तिचं. गेल्या मार्चमध्ये एकदा राहवलं नाही, त्याला मेसेज टाकला: रोहतांगवर ताजा बर्फ, आज कडक ऊन. लगेच उत्तर आलं, "दादा रिटायर झाला बे. इथंच आहे, बाजूला बसून पेपर वाचून राह्यला." मी फोन खिशात ठेवणार, तेवढ्यात आणखी एक ओळ आली.

"पण तू सांगत जा."