स्पंज धुतला त्याची गोष्ट

आमच्याकडे शुक्रवारी घर धुऊन निघतं. समया चिंचेनं घासायच्या, उंबरठा पुसून कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, काढायचा. तंजावुरात जन्म गेला, हाताला तेच वळण. त्यात नातीनं हॉलमध्ये माशांची काचपेटी आणून ठेवलेली, जेमतेम तीन आठवडे झाले होते. सात गप्पी. ती सुटीत मामाकडे त्रिचीला निघाली तेव्हा डब्यातलं खाणं चिमूटभर कसं घालायचं ते मला चारदा सांगितलं. "आजी, पत्रमा पाहा हं," म्हणाली. सांभाळून पाहा, असं. तिला मराठी सगळं कळतं, पण काळजीचं बोलायला तमिळच लागते.

शुक्रवारी माझी नजर त्या फिल्टरवर गेली. आतला स्पंज तपकिरी, बुळबुळीत. म्हटलं, पोरगी नाही तोवर चकचकीत करून ठेवू! नळाखाली धरून पिळून पिळून पांढरा काढला. तळाचे खडेही धुतले. काच अशी दिसायला लागली, की मीच मला शाबासकी दिली.

रविवारी सकाळी पाणी तांदळाच्या धुवणासारखं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते, आणि एक तर आडवाच पडला होता. बुधवारी पोर येणार. काय तोंड दाखवू?

नातीनं जिथून पेटी आणली त्या मासेवाल्याकडे ऑटो करून गेले, बाटलीत तेच पाणी घेऊन. त्यानं ते काचेच्या नळीत ओतून घाण तपासायचं चार थेंब औषध टाकलं. "पिवळं राहिलं तर बरं, अम्मा," म्हणाला. झालं गडद हिरवं. मग विचारलं, "काय केलंत?"

सांगितलं सगळं. तो कपाळाला हात लावून हसला. "लग्नात पंगत बसलीय आणि पानं उचलणारेच तुम्ही हाकलून दिलेत! त्या बुळबुळीत राहतात ते जीव. माशांची घाण तेच पचवतात. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, त्यानं तेही मेले."

"मग आता?"

त्यानं आपल्या जुन्या पेटीतल्या स्पंजाचा मळका तुकडा कापून पिशवीतल्या पाण्यात घालून दिला. "हा तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. वाढतील." नळाचं औषध मारणारे थेंब आणि त्या तपासणीची बाटली-नळीही दिली.

"अरे, विरजण!" मी म्हटलं. "एवढं पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? पन्नास वर्षं दही लावतेय मी."

त्यापुढे मला कुणी शिकवायला लागलं नाही. दोन दिवस माशांना उपास. रोज चौथाई पाणी काढायचं आणि नळाचं औषध मारणारे थेंब घालून तेवढंच नवं भरायचं. तरी सोमवारी तो आडवा पडलेला गेलाच. कढीलिंबाखाली पुरला. बाकीचे मंगळवारी संध्याकाळी खाली उतरून हिंडायला लागले.

बुधवारी नातीनं चपलाही काढल्या नाहीत, आधी मासे मोजले. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. ती विचारायच्या आत सांगून टाकलं, एक गेला आणि माझ्या हातानं गेला.

"स्पंज धुतलास? शुक्रवार म्हणून?"

"हो गं."

डोळे भरले तिचे. मग म्हणाली, "मला फोन का नाही केलास?"

माशांचं सगळं केलं, हे मात्र चुकलंच. तसं मी तिला म्हटलंही.

तिनं मासेवाल्याची तपासणीच्या थेंबांची बाटली काढली आणि पेटीतलं पाणी नळीत घेऊन माझ्या हातात दिलं. "तूच घाल. चारच." मी घातले. आम्ही दोघी जमिनीवर बसून त्या नळीकडे पाहत राहिलो. पिवळ्यात किंचित हिरवी झाक होती अजून.

"उद्या पुन्हा पाणी बदलायचं," मी म्हटलं.

"बदलू," ती म्हणाली आणि चपला काढायला गेली.