पातळ भिंतीमागची पाचर

"दाबू नकोस, आधार दे," म्हणत काका माझ्या हातातला पाना काढून घ्यायचे.

कलकत्त्याजवळ, बजबजकडच्या एका लहान कारखान्यात ते मिलिंगच्या, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापायच्या विभागाचे मिस्त्री होते. कॉलेजच्या सुट्टीत मी तिथे काम शिकायला जात असे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे काही विचारायचं तर जीभ अडखळायची. काका मला इंजिनियरबाबू म्हणत. थट्टेनेच, पण लागेल असं कधी नाही. ते कलकत्त्यातच जन्मलेले. मराठी घरापुरती, शिव्या सगळ्या बंगालीत. "मराठीत शिवी दिली की आई समोर दिसते रे," म्हणायचे.

तुम्ही स्टीलच्या ताटाच्या कडेला टिचकी मारून पाहा. कड बराच वेळ थरथरत राहते. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या पेट्या यायच्या, त्यांच्या भिंती कापून तशाच पातळ करायच्या. कटर टेकला की भिंत मागे वाकायची, परत यायची, किंचाळायची, आणि तिच्या अंगावर बारीक लाटा उमटायच्या. लाटा दिसल्या की माल नापास. पेटी आणखी आवळून धरली, तर भिंत वाकडीच कापली जायची. म्हणून काका पेटीत वितळलेलं मेण आणि राळ ओतायचे. ती थिजली की भिंत मुकाट उभी राहायची.

"हा कारखाना आहे की मेणबत्त्यांचं दुकान?" मॅनेजर एकदा ओरडले. वेळ जातो म्हणून मेण बंद झालं. वर त्यांनी सांगून टाकलं, हा माल पास झाला नाही तर मिलिंग विभागाला कुलूप.

काका मग भिंतीमागे लाकडी पाचरी ठोकू लागले. भिंत पातळ होत गेली की पाचर सैल व्हायची. प्रत्येक वेळी मशीन थांबवून ती पुन्हा बसवावी लागे.

त्या दिवसांत वीज रोज जायची. ती गेली की आमच्याकडे मशीनचा स्विच कुणी बंद करत नसे. सगळे अंगणात चहाला बसत आणि वीज आली की जुनी मशिनं आपोआप सुरू होत. "तीच हाक मारतील," काकाच म्हणायचे.

त्या दुपारी वीज गेली, पण काका बाहेर आले नाहीत.

"तुम्ही घ्या रे चहा. तेवढ्यात पाचर ठोकून घेतो."

मशिनांनी हाक मारली. सगळी एकदम सुरू झाली, त्यामुळे काकांचा आवाज आम्हांला ऐकूच आला नाही.

नंतर मी बालीगंजला त्यांच्या घरी गेलो. उजव्या हाताची बोटं गेली होती. काकू वरणभात कालवून त्यांना भरवत होत्या.

"या, इंजिनियरबाबू. माल पास झाला?"

"नाही, काका. लाटा दिसल्या."

"आणि आपली माणसं?"

"घरी बसवलं. सगळ्यांना."

तोंडातला घास ते बराच वेळ चावत राहिले. काकूंनी पुढचा घास पुढे केला, तेव्हा त्यांनी मान फिरवली.

"मीठ कमी पडलं का?" काकूंनी विचारलं.